रखमाबाईंच्या स्लॅबचे एकवीस दिवस

बोईसरमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या निम्म्या तरी रखमाबाईंनी भिजवलेल्या आहेत. बिल्डरचं नाव गेटवर लागतं, आर्किटेक्टचं फलकावर लागतं, भिजवणाऱ्याचं कुठेच लागत नाही. काम म्हणाल तर दिसायला एवढंसं. सिमेंटचं नवं काम झालं की त्यावर पाणी मारायचं. सकाळी मारायचं, दुपारी मारायचं, संध्याकाळी मारायचं आणि मधल्या वेळात कुठला कोपरा सुकलाय का ते बघत हिंडायचं. साइटवर या कामाला 'क्युरिंग' म्हणतात. रखमाबाई 'पाणी मारणं' म्हणतात.

त्या या धंद्यात आल्या सुक्या मासळीच्या पाटीतून. चिंचणीहून सुके बोंबील घेऊन त्या बोईसरला येत आणि बांधकामावरच्या मजुरांना विकत. एके दिवशी एका साइटवर पाणी मारणारा माणूस न सांगता गावी निघून गेला. भर उन्हात नवीन कॉलम पांढरे पडायला लागले होते. रखमाबाईंनी पाटी खाली ठेवली, पाइप उचलला आणि कॉलमना आंघोळ घातली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. "पोरं तापलीवती," एवढंच त्यांचं म्हणणं. मुकादमाने दुसऱ्या दिवशीही बोलावलं. तेव्हापासून बोंबील सकाळी आणि पाणी दिवसभर, असा जोडधंदा चालू आहे.

आमच्या सोसायटीचा तिसरा मजला चढत होता तेव्हा माझी त्यांची ओळख झाली. फ्लॅट घेतलेला प्रत्येक माणूस दर रविवारी साइटवर जाऊन मान वर करून उभा राहतो आणि काही कळत नसताना "हं" म्हणतो. मीही म्हणत होतो. रखमाबाईंना माझी दया आली आणि त्यांनी मला घराचे अवयव शिकवले.

"ह्ये जोतं. घराची बैठक. बैठक कच्ची तर मानूस बी लुडबुडतो. ह्ये कॉलम, म्हंजे पाय. आन् ह्यो आडवा बीम. बीम म्हंजे सासू."

"सासू कशी?"

"आडवी बसते, सगला भार माझ्यावरच हाय म्हनते, आन् देते कॉलमवर ढकलून."

"आणि स्लॅब?"

"जाऊ. सावली देते, पन कायम डोक्यावर."

खिडकीवरच्या छज्ज्याची त्यांची व्याख्या तर मी नंतर दोन इंजिनिअरांना ऐकवली. कपाळावर हात आडवा धरून होडी दिसते का म्हणून समुद्राकडे बघणारी बाई, म्हणजे छज्जा.

पण त्यांचं खरं शास्त्र पाण्याचं. "लोक म्हंतात सिमेंट सुकतं. सुकत नाय, शिजतं. भाताला पानी कमी पडलं तर काय व्हतं? कणी ऱ्हाते. तसंच." एकवीस दिवस ओलं ठेवायचं, एक तासही सुकू द्यायचं नाही, आणि पाणी गोडं हवं. पाइप हातात आला की त्या आधी चूळ भरतात. एकदा मेहुल नावाच्या नव्या इंजिनिअरने मागवलेल्या टँकरचं पाणी त्यांनी जिभेवर ठेवलं आणि थुंकून टाकलं.

"मौसी, पानी पानी होता है," मेहुल म्हणाला.

"तो तुम पी लो, बेटा."

मेहुल प्यायला. मग वाकडं झालेलं तोंड तसंच ठेवून त्याने टँकर परत पाठवला. खारं पाणी काँक्रीटमध्ये मुरलं की आतली लोखंडी सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की काँक्रीट आतून फोडते. हे मेहुलने पुस्तकात वाचलेलं होतं. रखमाबाईंनी किनाऱ्यावरच्या अर्ध्या घरांच्या छतांना पडलेल्या पोपड्यांत वाचलेलं होतं.

अशा बाईच्या स्वतःच्या घराला आजवर कौलं होती. गेल्या जानेवारीत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, चिंचणीच्या मांगेलआळीत त्यांच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला. ठेकेदार शैलेश. हा पूर्वी बोईसरच्या साइटवर गवंड्याच्या हाताखाली होता आणि रखमाबाईंच्या शिव्या खातच मोठा झालेला. स्लॅब ओतून झाल्यावर त्याने हात धुतले आणि सगळ्या आळीदेखत म्हणाला, "मावशी, माजं काम झालं. पंचवीस वरसं लोकांच्या स्लॅबला नावं ठेवलीस. आता तुजा स्लॅब, तुजं पानी. एक जरी चीर पडली ना, बोईसरच्या प्रत्येक साइटवर सांगनार."

"पडली तर पाइप हातात धरनार नाय," रखमाबाई म्हणाल्या.

कोळणीने चारचौघांत दिलेला शब्द म्हणजे काँक्रीटच. ओतला की परत घेता येत नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी स्लॅबवर मातीचे बांध घालून चौकोनी वाफे केले आणि त्यांत दोन-दोन बोटं पाणी भरलं. घरची विहीर मचूळ, म्हणून पाणी मागच्या वाडीतल्या शांतारामकाकांच्या विहिरीचं. काका वाडीवाले. केळी, पानवेल, चिकू असा त्यांचा संसार आणि विहीर म्हणजे साखर. त्यांच्या मोटरीला पाइप जोडून तो थेट जिन्यावरून वर नेला. बदल्यात सुके बोंबील द्यायचे ठरले. काका माळकरी होते, पण बोंबील सुनेला आवडतात असं ते म्हणाले.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. बिघडलं ते समुद्र खूश झाल्यामुळे.

सहाव्या दिवसापासून बोटी जवळ्याने भरून यायला लागल्या. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. ती पसरून वाळवायची. आळीचं खळं भरलं, रस्त्याची कड भरली, लोक वाळूवर जवळा पसरायला लागले. वाळूवरचा जवळा खाताना दातांत करकरतो आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. आणि इथे आळीच्या मधोमध, वाऱ्याच्या वाटेवर, कुत्र्यामांजरांच्या वर, वीस बाय चोवीसचा सपाट, गुळगुळीत स्लॅब! आणि त्यावर ही बाई पाणी भरून बसलेली.

रखमाबाईंची थोरली जाऊ दमयंती शेजारच्याच घरात राहते. ती पाटी घेऊन जिन्याशी आली.

"रखमा, एक कोपरा दे गो. चार दिस."

"एकवीस दिस. जवला काय, दरसाल येतो. स्लॅब एकदाच पडतो."

"अगो, दगडासारखा झालाय! मी काल पाय आपटून बघितला."

"तू वर गेलीस? चपला घालून?"

यानंतर जे संभाषण झालं त्यात दोन्ही माहेरं, एक जुनी पितळी कळशी आणि १९९८ सालचं एक बारसं आलं. शेवटी अबोला झाला. आमच्या किनाऱ्यावरच्या अबोल्यात बोलणं बंद होत नाही, फक्त पत्ता बदलतो. दमयंती अंगणात उभी राहून हवेला सांगायची, "काय लोकांना पानी घालायला बाग नाय, म्हनून छपराला घालतात." रखमाबाई वरून पाइपला सांगायच्या, "काय लोकांना कलतं कमी आन् वास येतो जास्त." आणि दोघींच्या मध्ये ओट्यावर जानूभाऊ, रखमाबाईंचे यजमान, विडी ओढत बसलेले.

जानूभाऊ चाळीस वर्षं बोटीवर. आता गुडघ्यांमुळे किनाऱ्यावर. त्यांना जमिनीवरच्या कुठल्याच गोष्टीत फारसा रस नाही. घराला ते 'ती' म्हणतात, बोटीला म्हणतात तसं.

बाराव्या दिवशी बोईसरपलीकडच्या माहीम गावी रखमाबाईंच्या भाचीचं, तेजलचं हळद-लग्न आलं. आत्याशिवाय हळद लागत नाही. रखमाबाईंनी आदल्या रात्री वाफे काठोकाठ भरले आणि जानूभाऊंना बजावलं.

"अवो, मोटर लावायची, पाइप सोडायचा, पानी बघायचं. सुकू द्यायचं नाय. कलला काय?"

"कलला गो. बोटीला पन नाय सुकू देत आमी."

हे शेवटचं वाक्य रखमाबाईंनी नीट ऐकायला हवं होतं. पण गाडी आली होती.

माहीमला दुपारी मांडवात बँजो वाजत होता, तेजलच्या अंगाला हळद लागत होती, रखमाबाईंच्या दोन्ही गालांना हळद फासलेली. तेवढ्यात शांतारामकाकांचा फोन. मोटर जळली होती. नवीन यायला उद्या संध्याकाळ.

रखमाबाईंनी मांडवाच्या मागे जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"मोटर जललीय म्हनं! स्लॅब सुकला असंल!"

"कशाला सुकतोय? मी हाय ना. दोन डरम भरून आनलेत. आता वर चढवतो."

"कुटनं आनले?"

"कुटनं म्हंजे? खाडीतनं."

रखमाबाई सांगतात की त्या क्षणी त्यांना बँजो ऐकू येईनासा झाला.

"खारं पानी? अवो, खारं पानी नाय चालत!"

"तुला काय म्हाईत बोटीचं! गोड्या पान्यानं फली कुजते. खाऱ्यानं शंभर वरसं टिकते. माज्या बापसाची होडी बग. गोडं पानी मारून तूच तिला नासवतेस, मी इतके दिस बोललो नाय..."

इथे मांडवात सगळ्यांच्या आवडीचं गाणं सुरू झालं, स्पीकर वाढला आणि पलीकडचं काही ऐकू येईना. पुन्हा लावला तर नुसती घंटी. जानूभाऊंचा फोन नेहमी ओट्यावर असतो आणि जानूभाऊ फोनपाशी कधीच नसतात.

आता एक गोष्ट जानूभाऊंच्या बाजूने सांगायला हवी. बोटीच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. लाकडी बोटीच्या डेकवर खारं पाणी मारत राहिलं तर फळ्या फुगून घट्ट बसतात आणि टिकतात. पावसाचं गोडं पाणी साचलं तर कुजतात. चाळीस वर्षांचं हे ज्ञान, बायकोवरचं प्रेम आणि दोन ड्रम घेऊन तो माणूस जिना चढणार होता. यात वाईट कुठे काही नव्हतं. फक्त स्लॅबमध्ये सळ्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत बँजो पार्टीचा टेम्पो वाजवणाऱ्यांसकट दुसरा स्पीकर आणायला बोईसरला निघाला होता. रखमाबाई ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसल्या. हिरवी नऊवारी, केसांत अबोलीचा गजरा, गाल पिवळे.

"मावशी, हलदीतनं कुटं?"

"चिंचनीला. स्लॅब मराय लागलाय."

ड्रायव्हरला वाटलं स्लॅब हे कुणाचं तरी नाव असावं. त्याने गंभीर होऊन गाडी पळवली. मागे बसलेले चौघे वाजवणारेही गप्प झाले. बोईसर मागे टाकून टेम्पो थेट चिंचणीला आला तेव्हा कुठे त्यांना कळलं की मरणारा माणूस नसून छप्पर आहे. पण तोवर तेही मनाने त्यात गुंतले होते.

आळीत पोचल्यावर रखमाबाईंना दिसलं ते असं. जिन्याखाली हातगाडी, हातगाडीवर खाडीच्या पाण्याने भरलेले दोन निळे ड्रम, ड्रमशेजारी रुसून बसलेले जानूभाऊ. आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर, दोन्ही बाजूंना हात टेकून, वाट अडवून बसलेली दमयंती.

"बग तुजी जाऊ," जानूभाऊ उसळून म्हणाले. "दोन तास झाले. मला वर सोडत नाय. माज्या घराच्या वर!"

दमयंती जावेकडे न बघता जानूभाऊंना म्हणाली, "भावजी, तुमच्या बायकोला सांगा, मी पानी चाखलं. आख्ख्या आलीला बारा दिस ऐकवतेय खारं पानी खारं पानी, भिंतींना पाठ झालं, आन् घरधन्याला म्हाईत नाय."

रखमाबाईंचे पाय तिथेच थांबले. मग त्याही जानूभाऊंकडे वळल्या. "त्या बाईला इचारा, वर पानी हाय का सुकलं."

"त्या बाईला म्हनावं, डोले हायत ना, वर येऊन बग."

वर वाफ्यांतलं पाणी बरंचसं आटलं होतं. पण स्लॅबभर ओली गोणपाटं अंथरलेली होती. बर्फाची, मासळीची, तांदळाची, मिळतील ती. आधी नळाच्या पाण्यात पिळून काढलेली, आणि कोपऱ्यात दमयंतीची दोन रिकामी पिंपं. तिचं दोन दिवसांचं नळाचं पाणी. प्यायचं.

रखमाबाईंनी एक पिंप कलतं करून पाहिलं आणि त्या मागोमाग वर आलेल्या जानूभाऊंकडे वळल्या.

"त्या बाईला इचारा, आता घरात पिनार काय?"

"त्या बाईला सांगा, पिनार नाय तर काय मरनार नाय. चा पिईन."

"चाला पानी लागतं गो!" रखमाबाई थेट तिच्याकडे वळून ओरडल्या. अबोला तिथेच मोडला, पण दोघींपैकी कुणी तसं कबूल केलं नाही.

खाली वाळूवर दमयंतीचा जवळा पसरलेला होता. त्या दुपारी वाऱ्याने त्यात चांगली मूठमूठ वाळू घातली होती. स्लॅब सुकायला सोडला असता आणि जवळा वर टाकला असता, तर कुणी विचारायला नव्हतं. रखमाबाईंनी तो जवळा पाहिला आणि पदराने गालावरची हळद पुसली, ती अजूनच पसरली.

मग पुढचा तास आळीने पंचवीस वर्षं आठवावा असा गेला. जानूभाऊंना हातगाडीवरचं पाणी खाडीला परत करायला लावलं. टेम्पो शांतारामकाकांच्या वाडीत गेला, ढोलकीवाल्याने रहाट धरला, बँजोवाल्याने कळशा ओढल्या, आणि पिंपं भरभरून गोडं पाणी आलं. ताशेवाला पोरगेला माणूस. त्याला हातावर हात ठेवून बसवेना, म्हणून त्याने पाणी वर चढताना वाजवायला घेतलं. ताशा ऐकून आळीतली माणसं बाहेर आली, लग्न कुणाचं ते विचारायला लागली आणि कळल्यावर कळशी घेऊन रांगेत उभी राहिली. शांतारामकाका वाडीच्या कुंपणातून ओरडत होते, "अरे पानवेल तुडवू नका रे! वाजवा हवं तेवढं, पण वेल तुडवू नका!"

वाफे पुन्हा काठोकाठ भरले. दमयंतीची पिंपंही भरली. वाजवणाऱ्यांना जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी मिळाली. चटणी किंचित करकरत होती, कुणी तोंड वाकडं केलं नाही.

"चल गो," रखमाबाई दमयंतीला म्हणाल्या. "तेजलची हलद हाय. लुगडं बदल."

"आन् माजा जवला?"

"भावजी हायत ना तुजे. बसतील राखत."

"आन् स्लॅब?" जानूभाऊंनी विचारलं.

रखमाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "पानी पुरेल सकालपर्यंत. तुमी फक्त खाडीकडं पाठ करून बसा."

टेम्पो माहीमला पोचला तेव्हा स्पीकर आणायचा राहूनच गेला होता. त्या हळदीला आवाज कमी आणि नाच जास्त झाला असं तेजल अजून सांगते.

एकविसाव्या दिवसानंतरच्या सकाळी शैलेश टेकू काढायला आला. मीही गेलो होतो. असल्या प्रसंगाला मान वर करून "हं" म्हणायचा माझा जुना हक्क आहे. एकेक टेकू निघाला, फळ्या सुटल्या. शैलेशने टॉर्च घेऊन छताचा कोपरान् कोपरा पाहिला. तीन वेळा पाहिला. शिडीवर चढून हातोडीने ठिकठिकाणी ठोकलं. काचेच्या भांड्यासारखा आवाज येत होता. खाली रखमाबाई उभ्या. त्या छताकडे बघतच नव्हत्या, शैलेशच्या तोंडाकडे बघत होत्या.

शैलेश उतरला. "मावशी, नाय सापडली."

"नीट बग. परत चढ."

"तीनदा बगितलं गो!"

"चवथ्यांदा बग. लोकांच्या स्लॅबला मी चारदा बगते."

तो चौथ्यांदा चढला. नाही सापडली. रखमाबाई तेव्हा कुठे हसल्या, आणि मग हसणं थांबेचना. दाराच्या नव्या चौकटीला धरून त्या हसत राहिल्या. शैलेशने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि त्यांनी तेवढ्यात त्याच्या डोक्यात टपली मारून घेतली.

मग आम्ही सगळे वर गेलो. वाफ्यांचे बांध फोडले, पाणी वाहून गेलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा रखमाबाई हातात पाइप नसताना एका नव्या स्लॅबवर उभ्या होत्या. त्यांनी कठड्यावरून खाली हाक मारली. "बाय गो! आन तुजा जवला! आख्खा स्लॅब तुजा!"

दमयंती पाटी घेऊन जिना चढली. चपला पहिल्या पायरीशी काढून. तिने पाटी खाली ठेवली नाही. स्लॅबवर बोट फिरवलं, बोट उन्हात धरून पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "आजून आठ दिस मार पानी."

"एकवीस झाले गो!"

"तुजे झाले. त्यातला बारावा मी जागवलाय. त्यो माजा. माज्या हिशेबानं ह्याचं पोट भरलेलं नाय."

"इंजिनेर हाय का तू?"

"तू तरी कुटं हायस?"

शैलेश सांगू लागला की मावशी, आता पुरे, नियमाप्रमाणे झालं. दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो हातोडी आवरायला लागला. वाद वाढला. रखमाबाईंचं म्हणणं, खाली ताडपत्री घाल आणि आजच पसर, वारा चांगला आहे. दमयंतीचं म्हणणं, जवळा काय, दरसाल येतो. स्लॅब एकदाच पडतो. हे वाक्य रखमाबाईंचंच होतं, सहाव्या दिवशी म्हटलेलं. दमयंतीने ते जसंच्या तसं त्यांच्या अंगावर फेकलं.

जानूभाऊ जिन्याच्या तोंडाशी पाइप घेऊन उभे होते. पलीकडे शांतारामकाकांची नवी मोटर घरघरत होती.

"अगो, एक काय ते सांगा," ते म्हणाले. "तिच्यावर पानी मारू का नको?"

"मारा!" दोघी एकदम म्हणाल्या.

रखमाबाई स्वतःच्याच तोंडाकडे हात नेऊन थबकल्या. जानूभाऊंनी पाइप सोडला. पाणी सगळ्यांच्या पायांवरून गेलं. तेवढ्यात दमयंतीने वाकून ओंजळ धरली आणि चाखून बघितलं.